रक्त सोसलं नाही

यादवराव कुंभलकर रोग्याला कधी नावानं हाक मारत नसत. हातात ट्रे घेऊन खाटेपाशी जायचे, पायानं स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "तुमचं नाव काय जी?" नाव लिहिलेला कागद त्यांच्याच खिशात असायचा. रोगी महिनाभर वॉर्डात पडून असला, यादवरावांनी त्याचं रक्त दहा वेळा काढलेलं असलं, तरी अकराव्या वेळी पुन्हा तोच प्रश्न. रोग्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव आणि गाव आपल्या तोंडानं सांगितलं की मग ते कागद बाहेर काढून ताडून बघत. तोवर दंडाला रबरी नळी बांधायची नाही म्हणजे नाही. आमच्या लॅबमधलं कोणी घाईघाईत "तुम्ही रामटेके ना?" असं रोग्याला विचारताना त्यांनी ऐकलं, तर एरवी इतका सौम्य माणूस अंगावर यायचा.

"नाव तुम्ही नाही सांगाचं, त्यानं सांगाचं. मानूस घाबरला असला का कशालेही हो म्हनते."

एकदा आमच्या साहेबांनी त्यांना आणि मला रामदासपेठेतल्या एका बंगल्यावर पाठवलं. बंगला एका बड्या अधिकाऱ्याचा. त्यांना रक्तातली साखर तपासायची होती आणि हॉस्पिटलात येऊन रांगेत बसणं शक्यच नव्हतं. यादवरावांनी दिवाणखान्यात ट्रे ठेवला, हात धुतले आणि विचारलं, "तुमचं नाव काय जी?" अधिकारी आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस खरंच विचारतोय.

"तुम्ही कोणाच्या घरी आलात हे तुम्हाला माहीत नाही?"

"मले माहीत हाय न साहेब. सुईले माहीत नाही."

मी जमिनीकडे बघत राहिले. अधिकाऱ्यांनी रागारागानं नाव सांगितलं. यादवरावांनी वडिलांचं विचारलं. तेही मिळालं. गाव विचारलं तेव्हा मात्र आतून बाईसाहेब बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी यादवरावांना खोलीत बोलावून झापलं, आणि त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डात पुन्हा तेच चालू होतं.

लोक ह्याला तऱ्हेवाईकपणा म्हणत. काही जण मागून नक्कलही करत. मला मात्र हसू यायचं नाही, कारण ते कशापायी आहे ते मला ठाऊक होतं. त्यांच्या हातून एक माणूस गेला होता. ही गोष्ट तिघांना माहीत होती. यादवरावांना, आमच्या विभागाच्या साहेबांना आणि मला. जिला ती सर्वांत आधी कळायला हवी होती, त्या माणसाच्या बायकोला, ती कोणीच सांगितली नव्हती. तिला जाऊन सांगायचं, एवढ्या एका कामाभोवती यादवरावांनी नऊ वर्षं घिरट्या घातल्या.

मी पॅथॉलॉजीत ट्यूटर म्हणून लागले तेव्हा ते चाळिशीत असतील. ठेंगणे, सावळे, केसांना भरपूर तेल, आणि अंगात एक पांढरा कोट, ज्याच्या डाव्या खिशावर इस्त्रीचा करपलेला डाग होता. घर कोष्टीपुऱ्यात. बाप हातमागावर लुगडी विणायचा आणि विशीपर्यंत हेही मागावरच बसलेले. मग मागाचं काही खरं राहिलं नाही आणि कोणाच्या तरी ओळखीनं ते हॉस्पिटलात झाडूपोछ्याला लागले. तिथून चढत चढत रक्त काढण्यापर्यंत आले. शिक्षण सातवी. पण अंधारात ताण्यातला तुटलेला धागा बोटानं शोधायची सवय हातात होती, आणि शीर शोधायला तेवढी पुरत होती.

पहिल्याच आठवड्यात मी एका बाईच्या हातात तीनदा सुई खुपसली आणि तिन्ही वेळा शीर चुकवली. डॉक्टरकीची पदवी होती, सुवर्णपदकही होतं, पण त्या पदकाचा त्या बाईच्या दंडाला काही उपयोग नव्हता. यादवराव शेजारच्या खाटेवर होते. त्यांनी येऊन माझ्या हातातली सिरिंज घेतली, रोग्यासमोर एक शब्द बोलले नाहीत, आणि एका टोचणीत काम केलं. लॅबमध्ये परत आल्यावर कोटाची बाही वर सारली आणि हात टेबलावर ठेवला.

"काहाडा."

"अहो, तुमचं कशाला?"

"कोनाचं तरी तं दुखनच न. त्या बाईचं काहून?"

त्या आठवड्यात त्यांच्या दोन्ही हातांची मी चाळण केली. ते शांतपणे सांगत राहिले. डोळ्यानं शोधू नका, डोये फसवते, बोटानं शोधा. दाबली की खाली जाते आणि सोडली की वर येते ती शीर; नुसती कडक लागते ती शीर नाही, तिच्या नादी लागू नका. स्पिरिट लावलं की सुकू द्या, ओल्या स्पिरिटवर टोचलं की झोंबतं आणि रक्तही नासतं. नळी मिनिटाच्या वर बांधून ठेवू नका. सुई काढायच्या आधी नळी सोडा, नाहीतर सगळं रक्त कातडीखाली पसरेल. आणि सिरिंजमधलं रक्त बाटलीत सोडताना सुई काढून घ्या, बाटली तिरपी धरा, रक्ताला काचेच्या कडेनं उतरू द्या.

"ढकलाचं नाही त्याले. फेस आला का समजा मेलं."

त्या बाटल्या म्हणजे पेनिसिलिनच्या रिकाम्या बाटल्या. त्या धुवायच्या, उकळायच्या, आत रक्त गोठू नये म्हणून औषधाचे थेंब वाळवून ठेवायचे, आणि वर चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर शाईनं नाव लिहायचं. सिरिंजा काचेच्या. सुया मोजक्याच, आणि त्याच त्या पुन्हा वापरायच्या. नव्या सुयांची मागणी वर गेली की सहा महिन्यांनी उत्तर यायचं की आहेत त्या जपून वापराव्यात. शनिवारी दुपारी यादवराव खिडकीपाशी बसून तेलाच्या दगडावर सुयांना धार लावायचे. धार लावलेली प्रत्येक सुई कापसाच्या बोळ्यातून ओढायची. कापसाचा एक जरी तंतू टोकाला अडकला तरी ती सुई परत दगडावर. टोकाला डोळ्याला न दिसणारा आकडा राहतो, आणि तो माणसाची शीर आतून फाडत बाहेर येतो. कधी एकेका सुईवर त्यांचा अर्धा तास जायचा. मी एकदा म्हटलं, इतकं कोण करतं? ते म्हणाले, "सिकलवाल्या पोट्ट्याइले बारा महिने टोचाचं हाय, बाई."

आमच्या भागात हा सिकलचा आजार फार. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक शिरांमध्ये अडकतात, आणि पोरं हाडं दुखून गुरासारखी ओरडतात. ही पोरं वर्षानुवर्षं यायची. शिरा टोचून टोचून दोरीसारख्या झालेल्या. ती दुसऱ्या कोणालाही हात लावू द्यायची नाहीत. यादवराव दिसले की रडत रडतच हात पुढे करायची. त्यातलं एखादं पुढच्या खेपेला आलं नाही की ते वॉर्डात चौकशी करायचे नाहीत. त्या दिवशी डबा उघडायचे नाहीत, एवढंच.

आता त्या माणसाबद्दल सांगते.

त्याचं नाव मारोती. उमरेडच्या पुढच्या एका गावातला गवंडी. नागपुरात एका बांधकामावर परातीसकट खाली पडला, मांडीचं हाड मोडलं आणि रक्त फार गेलं. बेशुद्धावस्थेत आणला होता. उन्हाळ्याचे दिवस, वॉर्ड तुडुंब भरलेला, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गाद्या टाकलेल्या. त्याच्या शेजारी किसन नावाचा एक म्हातारा तापात बरळत पडला होता. त्याच्याजवळ कोणीच नव्हतं. दोघांनाही रक्त द्यायचं होतं, आणि त्यासाठी दोघांचं रक्त घेऊन गट जुळवायचा होता. यादवराव दोन कागद घेऊन गेले. कागदावर खाटेचे नंबर होते, पण सकाळीच कोणीतरी गाद्या हलवल्या होत्या.

मारोतीच्या उशाशी त्याची बायको बसली होती. पार्बता. वीस-बावीसची, कडेवर पोर. यादवरावांनी हाती आलेला पहिला कागद वाचला आणि तिला विचारलं, "हे किसन ना, बाई?" तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि मान खाली घातली.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, हे मी नव्यानं सांगायला नको. वॉर्डात रोज दिसायचं. नवऱ्याचं नाव विचारलं की बाई पोराकडे बोट दाखवायची, शेजारणीला सांगायला लावायची. आपणच नाव उच्चारून "हेच ना?" म्हटलं तर लाजून मान खाली घालायची, आणि सगळे ती मान 'हो' म्हणून घ्यायचे. यादवरावांनीही तेच केलं. मारोतीच्या रक्ताच्या बाटलीवर किसनचं नाव लागलं. मग दुसरा कागद दुसऱ्या माणसाचाच असणार, म्हणून किसनच्या बाटलीवर मारोतीचं.

किसनचा गट बी, मारोतीचा ओ. ओ रक्त किसनला चढलं, त्याला काही झालं नाही. बी रक्त मारोतीला चढलं. अर्धी बाटली जायच्या आत त्याला हुडहुडी भरली, मग लघवी लाल झाली, मग बंद झाली. तिसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

काय झालं ते मी पहिल्याच दिवशी शोधलं होतं. हुडहुडी भरल्याचं कळताच मी त्याच्या रक्ताचा नवा नमुना मागवला, जुन्या बाटलीशी ताडला. दोन तासांत सगळं स्पष्ट झालं. माणसाचं रक्त ओ, त्याच्या नावाच्या बाटलीतलं बी. मी साहेबांकडे गेले. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रिपोर्टात लिहा, रक्त देताना अनपेक्षित प्रतिक्रिया."

"पण सर..."

"प्रतिक्रिया झाली ना?"

"झाली."

"तुमची अपेक्षा होती?"

"नव्हती, सर."

"मग ह्यात खोटं काय आहे?"

मी लिहिलं आणि खाली सही केली. माझी नोकरी कच्ची होती, पुढच्या महिन्यात मुलाखत होती. कारणं सगळ्यांनाच असतात, मला ती जरा जास्त पटकन सापडली. तिसऱ्या दिवशी सिस्टरनं पार्बताला सांगितलं, "रक्त सोसलं नाही त्याला." हे वाक्यही साहेबांचंच असावं. तिनं ते ऐकून घेतलं. गावच्या दोन माणसांनी ट्रक आणला होता. त्यात मढ्याशेजारी ती पोर घेऊन बसली. यादवराव व्हरांड्यात उभे होते. ते ट्रकच्या दिशेनं दोन पावलं गेले आणि परत आले.

मला म्हणाले, "तेरवी होऊ द्या, बाई. मंग जाऊन सांगतो तिले."

तेरवी झाली. मग म्हणाले, पावसाळ्यात रस्ता बंद राहते. मग दिवाळी. मग त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न जमत होतं, अशात काही कमीजास्त झालं तर पोरीचं काय? मग धाकटीचं. मग साहेब निवृत्त झाले, आता सांगून त्यांचं नाव कशाला खराब करायचं? दर खेपेला ते मला येऊन सांगायचे की ह्या महिन्यात जमत नाही. दर खेपेला मी "बरं" म्हणायचे, आणि ते वळून गेले की मला सुटल्यासारखं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं.

जाता येत नव्हतं म्हणून असेल, ते नावाच्या मागे लागले. बेशुद्ध रोगी आला की त्याचं नाव ठाऊक असलेला माणूस मिळेपर्यंत ते हलायचे नाहीत. एकदा ट्रकखाली सापडलेला एक माणूस आला. सोबत फक्त म्हातारी बायको. डॉक्टर घाई करत होते. यादवराव तिच्यासमोर उकिडवे बसले.

"माय, नाव घ्या."

ती नुसती मान हलवत रडत होती.

"उखाण्यात घ्या. उखाण्यात घेतलं तं चालते न? लग्नात घेतलं असन न तुम्ही. घ्या माय, म्या हात जोडतो."

आणि त्या गर्दीत, रक्तानं भरलेल्या स्ट्रेचरपाशी, त्या म्हातारीनं डोळे मिटले आणि म्हटलं,

"तुळशीले पाणी घातलं सकाळच्या पारी,
बाबुरावाचं नाव घेते दवाखान्याच्या दारी."

एक शिकाऊ डॉक्टर फिस्सकन हसला. यादवरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाहेर निघून गेला. बाबुराव वाचले नाहीत, पण त्यांना रक्त त्यांच्याच गटाचं मिळालं.

नऊ वर्षं अशी गेली. मग एका सकाळी बायकांच्या वॉर्डातून यादवराव रक्त घेऊन आले, ट्रे माझ्या टेबलावर ठेवला आणि तसेच उभे राहिले. चिकटपट्टीवर लिहिलं होतं, कांता मारोती, आणि पुढे ते गाव.

"तिची पोर हाय," ते म्हणाले. "कडेवर होती तवा. आता दहा-अकराची झाली. सिकल हाय तिले."

"आई भेटली?"

"पानी आनाले गेली होती. ती वापस याच्या आत म्या निघून आलो."

हिमोग्लोबिन चारच्या खाली होतं. वॉर्डच्या डॉक्टरांनी रक्त द्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी यादवराव गट जुळवायला रक्त घ्यायला गेले तर खाट रिकामी. सिस्टर वैतागून सांगत होती, "रक्ताचं नाव काढल्याबरोबर आई बिथरली हो! आमच्या घरात रक्त सोसत नाही, म्हणे. तिच्या बापालाही सोसलं नव्हतं. अंगठा उमटवला आणि घेऊन गेली पोरीला."

आम्ही दिलेलं वाक्य तिनं नऊ वर्षं जपलं होतं, आणि आता त्यानंच तिची मुलगी मरणार होती. यादवराव माझ्या खोलीच्या दारात आले. कोट काढून हातावर घेतला होता.

"बाई, म्या जाऊन राहिलो."

"मी येते," मी म्हटलं. धीर म्हणून गेले की ते तिथं काय सांगतात ह्या धास्तीनं गेले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

एसटीनं दोन-अडीच तास लागले. गाव मिरचीचं. जिथं तिथं वाळत घातलेली लाल मिरची, आणि नाकाघशात झोंबणारी हवा. ठसक्यानं माझे डोळे वाहायला लागले. पार्बता सातऱ्यावर होती. सातरा म्हणजे व्यापाऱ्याची मिरची पसरलेलं मैदान. तिथं बायका दिवसभर बसून मिरचीचे देठ खुडतात. कोणीतरी तिला बोलवायला गेलं. आम्ही तिच्या घरात बसलो. कांता खाटेवर पडली होती, ओठ कागदासारखे, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा, श्वास वरवरचा. यादवरावांनी सवयीनं तिच्या मनगटाला हात लावला. पोर कण्हली पण तिनं हात ओढला नाही.

पार्बता आली. आता तिशीची असेल पण पन्नाशीची दिसत होती. मिरचीनं बोटं सुजलेली. दारातच थांबून तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"वळखलं न, भाऊ. तुमीच काहाडलं होतं त्याइचं रक्त."

यादवराव उठून उभे राहिले आणि परवचा म्हणावा तसं, न थांबता त्यांनी सांगून टाकलं. तुझ्या माणसाचं रक्त मी दुसऱ्याच्या नावावर लिहिलं. दुसऱ्याचं त्याच्या नावावर लिहिलं. म्हणून त्याला परकं रक्त चढलं, त्यानं तो गेला. "तुमच्या घरात रक्त सोसत नाही, हे खोटं हाय, माय. चूक माही हाय. मले काय कराचं ते कर, पोलिसात दे, पन ह्या पोट्टीले रक्त चढू दे. नाही तं हे जाइन."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. राग येईल, ती ओरडेल, गाव गोळा करेल, ह्या सगळ्याची मी तयारी केली होती. ती खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली.

"तुमची कायले, भाऊ," ती म्हणाली. "माही हाय."

आम्हाला दोघांनाही कळेना.

"तुमी म्हनलं, हे किसन ना? मले तं माहीतच होतं न, हे किसन नोहे म्हनून. पन नाही म्हनलं असतं तं तुमी पुसलं असतं, मंग नाव काय. सासू म्हने, नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य तेवढं कमी होते. आन ते तं अदिच अर्धे गेलेले. म्हनलं, आता म्या नाव घेतलं तं उरलंसुरलंही जाइन. म्हनून मान खाली घातली." मग म्हणाली, "मंग रक्त सोसलं नाही म्हनले. म्या मनातच समजली. म्या खोट्याले हो म्हनलं म्हनून देवानं नेलं त्याइले. हे कोनाले सांगू, भाऊ? सासू मरेपावत म्हने, तुह्याच पायगुनानं गेला. म्या म्हनो, हो."

यादवराव तिच्यासमोर खाली बसले. इतकी वर्षं ते स्वतःच्या पापाचं ओझं वाहत होते, आणि तेवढीच वर्षं ही बाई तेच ओझं आपलं समजून वाहत होती. त्यांनी तेरवीनंतर येऊन सांगितलं असतं, तर निदान तिच्या डोक्यावरचं उतरलं असतं. हे त्यांना त्या क्षणी कळलं, आणि ते कळताना मी त्यांचा चेहरा पाहिला. तसा चेहरा मला पुन्हा पाहायचा नाही.

"तू हो नोहतं म्हनलं, माय," ते कसेबसे म्हणाले. "तू मान खाली घातली. म्या ते हो समजलो."

मग पार्बता उठली, पोरीच्या अंगावर गोधडी गुंडाळायला लागली, आणि आमच्याकडे न बघता म्हणाली, "मारोती. मारोती नाव होतं त्याइचं." पहिल्यांदाच उच्चारत होती, अडखळत. "आता घेतलं तं काय होते."

दुपारच्या एसटीनं आम्ही चौघं निघालो. रात्र व्हायच्या आत कांताला रक्त लागलं. मी स्वतः दोनदा गट तपासला. पोरीला काही झालं नाही. पुढे ती सात-आठ वर्षं येत राहिली, तिच्या आजाराच्या मानानं हे पुष्कळ म्हणायचं. यादवरावांनी दुसऱ्याच दिवशी नव्या साहेबांच्या टेबलावर लेखी कबुली ठेवली. चौकशी बसली, त्यांना घरी बसवलं, आणि प्रकरण निकालात निघायच्या आत ते कोष्टीपुऱ्यातल्या घरी वारले. त्या मधल्या दीड वर्षात मी एकदाही त्यांच्याकडे गेले नाही. त्यांची कबुली मी नंतर फायलीत वाचली. सातवी शिकलेल्या माणसाच्या अक्षरात शेवटी एक ओळ होती, की डॉक्टरीणबाईंना ह्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. मी ती फाईल बंद करून परत दिली आणि पुढे रीडर झाले, प्रोफेसर झाले.

त्यांना मी नीट पाहिलं ते त्या एसटीतच, शेवटचं. ते मागच्या लांब सीटवर कांताचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खड्डा आला की दोन्ही हातांनी ते डोकं अलगद उचलून धरायचे. पार्बता माझ्या शेजारी, खिडकीपाशी होती. उमरेड मागे पडल्यावर तिनं माझ्याकडे वळून अगदी साधेपणानं विचारलं, "बाई, तुमाले माहीत होतं का हे?"

मी म्हटलं, "मला नंतर कळलं."

नंतर म्हणजे त्याच दिवशी, दोन तासांनी. शब्द खोटा नव्हता. मी लिहिलेला रिपोर्टही असाच खोटा नव्हता. पार्बतानं मान डोलावली आणि माझा हात हातात घेतला. तिच्या बोटांची मिरची माझ्या हाताला झोंबायला लागली. मी मागे पाहिलं. यादवरावांनी ऐकलं होतं. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. ओळखीच्या रोग्यानं आपल्या तोंडानं नाव सांगायची वाट बघावी तसे ते माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात पुन्हा खड्डा आला, आणि त्यांनी खाली वाकून पोरीचं डोकं उचलून धरलं.